‘पेनिसिलीन चालत नाही’ म्हणजे नेमके काय झाले होते?

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या आमच्या औषधाच्या दुकानात डॉक्टरांची चिठ्ठी पुढे करताना गिऱ्हाईक जी माहिती आपणहून देते, तिच्यात मधुमेह आणि रक्तदाब यांच्या खालोखाल कानावर पडणारे वाक्य म्हणजे ‘आम्हाला पेनिसिलीन चालत नाही’. कधी पेनिसिलीनच्या जागी सल्फा येते, कधी ‘ती लाल-पिवळी कॅप्सूल’, तर कधी नुसतेच ‘अँटिबायोटिक’. ही माहिती सांगितली जाते हे चांगलेच आहे. न सांगणाऱ्यांची मला अधिक काळजी वाटते. मात्र त्यापुढे जाऊन काय झाले होते, केव्हा झाले होते आणि नेमक्या कोणत्या गोळीने झाले होते असे विचारले, की उत्तर बहुतेक वेळा ‘ते काही आठवत नाही, पण आई सांगायची’ इथपर्यंत येऊन थांबते. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलेला अ‍ॅलर्जीचा शेरा वर्षानुवर्षे एका डॉक्टरांकडून दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो आणि त्यामागची घटना मात्र कुठेच नोंदलेली नसते. अशा शेऱ्याने काही माणसे उगीचच चांगल्या औषधाला मुकतात आणि काहींच्या बाबतीत खरा धोका झाकला जातो, असे माझे मत झाले आहे; हा लेख त्याविषयी आहे.

आधी अ‍ॅलर्जी नसलेल्या गोष्टी बाजूला काढू, कारण त्यांचीच संख्या मोठी आहे. अ‍ॅमॉक्सिसिलीन (हे पेनिसिलीनच्याच कुळातले) आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड यांच्या एकत्रित गोळीने, म्हणजे ऑगमेंटिनच्या जातीच्या औषधाने, कित्येकांना जुलाब होतात. आतड्यातले उपयोगी जिवाणूही औषधाच्या तडाख्यात सापडतात आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड स्वतःही पोट ढवळून काढते. एरिथ्रोमायसिनने पोटात कळा येतात, कारण मोटिलिन नावाचे जे संप्रेरक आतड्याची हालचाल वाढवते त्याचेच काम हे औषध करू लागते. मेट्रोनिडॅझोलने तोंड कडवट, धातू चाटल्यासारखे होते. पंचगंगेचे पाणी शिरून गेल्यावर लेप्टोच्या, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या, भीतीने ज्यांना डॉक्सिसायक्लिन दिले जाते, त्यातल्या एखाद्याने गोळी घेऊन दिवसभर उन्हात काम केले, तर त्याची कातडी भाजल्यासारखी लाल होऊ शकते. क्षयाच्या औषधांतल्या रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते आणि माणूस घाबरून औषधच सोडतो. हे सारे त्या त्या औषधाचे ठरलेले दुष्परिणाम आहेत, ते कमी-अधिक प्रमाणात कोणालाही होऊ शकतात, आणि त्यांचा प्रतिकारशक्तीच्या बिघाडाशी संबंध नसतो. आपल्याकडे या सगळ्याला मिळून ‘औषध गरम पडले’ असे म्हणतात आणि पुढच्या डॉक्टरांच्या कागदावर त्याची अ‍ॅलर्जी होते.

खऱ्या अ‍ॅलर्जीची गोष्ट वेगळी आहे, आणि पेनिसिलीनच्या बाबतीत ती बरीच तपशिलाने उलगडलेली आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये बुरशीतून सापडलेले हे औषध आपल्या महाराष्ट्रात पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून तयार होऊ लागले, त्यामुळे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीनेही त्याची इंजेक्शने घेतलेली आहेत. पेनिसिलीनचा रेणू इतका लहान असतो की एरवी प्रतिकारयंत्रणेने त्याची दखलही घेतली नसती. परंतु त्याच्या गाभ्यात बीटा-लॅक्टम नावाचे चार अणूंचे एक ताणलेले कडे असते, आणि ते सहज उघडून जवळच्या प्रथिनाला चिकटते. जिवाणूची भिंत बांधणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) हे कडे चिकटते म्हणून तर जिवाणू मरतो. पण तेच कडे आपल्या रक्तातल्या अल्ब्युमिनसारख्या प्रथिनांनाही चिकटते, आणि प्रथिन आपले असले तरी त्यावर परका तुकडा बसल्यामुळे काही थोड्या माणसांचे शरीर त्याविरुद्ध आयजीई या प्रकारची प्रतिपिंडे तयार करून ठेवते. ही प्रतिपिंडे मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या खेपेला औषध आले की त्या पेशी हिस्टॅमिन आणि इतर रसायने एकदम बाहेर सोडतात. म्हणूनच ‘यापूर्वी घेतले होते, तेव्हा काही झाले नव्हते’ हे वाक्य ऐकून निर्धास्त होता येत नाही, कारण तेव्हाच्याच औषधाने पुढची तयारी करून ठेवलेली असू शकते.

या प्रकारात वेळ फार महत्त्वाची. इंजेक्शन असेल तर काही मिनिटांत आणि गोळी असेल तर साधारण तासाभरात अंगावर खाजणाऱ्या गांधी उठतात, ओठ किंवा पापण्या सुजतात, आवाज बसतो, छातीत घरघर सुरू होते, उलट्या होतात, आणि रक्तदाब कोसळला तर माणूस पांढराफटक पडून बेशुद्ध होतो. नुसते अंगावर पित्त उठणे वेगळे आणि पित्ताबरोबर श्वास अडकणे किंवा चक्कर येणे वेगळे. दुसऱ्या प्रसंगाला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात आणि त्यात मिनिटे मोजावी लागतात.

त्यावरचे पहिले औषध अ‍ॅड्रिनॅलिन हे आहे. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिले जाते. प्रौढ माणसासाठी नेहमीची मात्रा अर्धा मिलिग्रॅम असते आणि गरज पडल्यास ती पाच मिनिटांनी पुन्हा देता येते. आपल्याकडे ‘रिअ‍ॅक्शन आली’ म्हटले की एव्हिल (हिस्टॅमिनला रोखणारे औषध) आणि स्टिरॉइडच्या सुया आधी टोचण्याची सवय अजून गेलेली नाही. एव्हिलने खाज कमी होते, हे खरे. पण बसलेला घसा आणि कोसळलेला रक्तदाब त्याने सावरत नाही, आणि स्टिरॉइडचा परिणाम दिसायला तास लागतात. रुग्णाला उठवून बसवणे, चालवत गाडीपर्यंत नेणे हेही घातक आहे. त्याला आडवे करून पाय थोडे वर ठेवावेत, दम लागत असेल तर टेकवून बसू द्यावे, आणि १०८ ला फोन करावा. बरे वाटले तरी लगेच घरी जाऊ नये, कारण काही रुग्णांत काही तासांनी लक्षणे पुन्हा उलटतात. इंजेक्शन घेतल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसा, असे डॉक्टर सांगतात तेव्हा ‘म्हशींची धार काढायची वेळ झाली’ म्हणून निघून जाणारे माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिले.

दुसरा प्रकार उशिरा येणारा. त्यात आयजीईचा हात नसतो, प्रतिकारयंत्रणेतल्या टी-पेशींचा असतो, आणि औषध सुरू केल्यापासून साधारण तिसऱ्या ते दहाव्या दिवसांत पाठीवर, पोटावर, मग हातापायांवर लालसर सपाट किंवा किंचित उंच चट्टे येतात. लहान मुलांत हे फार दिसते आणि तिथेच सर्वांत जास्त गफलत होते. पावसाळ्यात मुलाला ताप येतो, घसा लाल दिसतो, अ‍ॅमॉक्सिसिलीनचे पातळ औषध सुरू होते आणि चौथ्या दिवशी अंगभर पुरळ उठते. ताप मुळात विषाणूचा असेल तर पुरळही विषाणूचेच असण्याचा संभव मोठा असतो. एपस्टीन-बार नावाच्या विषाणूने येणाऱ्या ग्रंथिज्वरात तर अ‍ॅमॉक्सिसिलीन दिल्यावर पुरळ येणे नेहमीचे आहे, आणि ती त्या आजाराची एक खूण समजली जाते. पण त्या दिवशी आईच्या मनात आणि मुलाच्या फाइलमध्ये पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी कायमची जमा होते, आणि ते मूल तिशीत येऊन स्वतःच्या मुलाचे औषध घ्यायला येते तेव्हा मला सांगते, ‘ताई, आमच्या घरात पेनिसिलीन कुणालाच चालत न्हाई.’ घरात एकाला अ‍ॅलर्जी आहे एवढ्यावरून दुसऱ्याने औषध टाळण्याचे कारण नाही. आईला पेनिसिलीन सोसत नाही म्हणून मुलाच्या कागदावर तसा शेरा मारणे चुकीचे आहे.

उशिराच्या प्रतिक्रियांमध्ये एक नमुना असा आहे, की तो काउंटरवरूनसुद्धा ओळखू यावा. एक रिक्षावाले दादा अधूनमधून मलम मागायला येत. खालच्या ओठाच्या उजव्या कडेला रुपयाच्या नाण्याहून लहान, गोल, जांभळट-काळा डाग; मधूनच तो लाल होऊन चुरचुरायचा, कधी त्यावर फोड यायचा, मग आठ-पंधरा दिवसांत तो विझून पुन्हा काळा पडायचा. ‘तंबाखूनं असंल,’ हे त्यांचे निदान. डाग चिघळण्याच्या आदल्या दिवशी पोट बिघडले होते का, असे विचारल्यावर ते चमकले. पोट बिघडले की कुठूनतरी ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोलची जोडगोळी आणून खायची, हा त्यांचा शिरस्ता होता. दर वेळी त्याच जागी, तसाच डाग उठणे, याला फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात. या औषधांखेरीज को-ट्रायमॉक्सॅझोल, डॉक्सिसायक्लिन आणि काही वेदनाशामक गोळ्यांनीही ते होते. त्वचारोगतज्ज्ञांनी नंतर तसे निदान केले आणि चिठ्ठीवर दोन्ही औषधांची नावे लिहून ती टाळायला सांगितले. जीवघेणा नसला, तरी हा प्रकार दर खेपेला नवे डाग देऊ शकतो, आणि वारंवार तेच औषध खाल्ले तर अंगभर पसरू शकतो.

आणि जो प्रकार खरोखर जीव घेतो, त्याची ओळख प्रत्येक घरात असायला हवी. औषध सुरू केल्यानंतर साधारण चार दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत केव्हाही ताप, डोळ्यांची आग, तोंडात आणि गुप्तांगात फोड, हात लावला तरी दुखणारी कातडी आणि मग तिचे पापुद्रे सुटणे अशी लक्षणे दिसली, तर तो स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम असू शकतो. अँटिबायोटिक्समध्ये सल्फाची औषधे यासाठी सर्वाधिक बदनाम आहेत. असे दिसताच औषध थांबवून त्याच दिवशी आमच्या कोल्हापुरातल्या सीपीआरसारखे मोठे रुग्णालय गाठावे. पुरळ खाजते की दुखते, हा प्रश्न मी नेहमी विचारते. खाजणारे पुरळ त्रासदायक असते, तर दुखणारे पुरळ भीतिदायक असते. ज्याला हा आजार एकदा झाला त्याने ते औषध आणि त्याचे जवळचे नातलग औषध पुन्हा कधीही घेऊ नये. त्याच्यासाठी ‘थोडे घेऊन बघू’ हा मार्ग कायमचा बंद असतो.

आता शेऱ्याकडे परत येऊ. अमेरिकेत सुमारे १० टक्के लोकांच्या वैद्यकीय नोंदीत पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी लिहिलेली असते, आणि रीतसर तपासणी केली तर त्यांतल्या दहापैकी नऊ किंवा त्याहूनही अधिक लोकांना पेनिसिलीन सुखरूप देता येते. काहींना अ‍ॅलर्जी मुळातच नव्हती. काहींना होती, पण ती ओसरली. आयजीईची अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांत ती दहा वर्षांनंतर उरत नाही. म्हणजे लहानपणी गांधी उठल्या होत्या म्हणून साठाव्या वर्षीही अ‍ॅलर्जी असेलच, असे मानायला आधार नाही.

‘नसेना का अ‍ॅलर्जी, दुसरे औषध मिळतेच की’ असे यावर कोणीही म्हणेल. मिळते, पण ते बहुधा अधिक व्यापक मारा करणारे, कधी अधिक महाग आणि पुष्कळदा त्या आजारासाठी कमी गुणकारी असते. ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासात, जो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, पेनिसिलीनच्या अ‍ॅलर्जीचा शेरा असलेल्या लोकांत औषधांना न जुमानणाऱ्या एमआरएसए जिवाणूचा धोका ६९ टक्क्यांनी आणि अँटिबायोटिक्सनंतर होणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या जुलाबांचा धोका २६ टक्क्यांनी अधिक आढळला. शस्त्रक्रियेआधी जे अँटिबायोटिक द्यायचे तेही अशा रुग्णांत बदलावे लागते, आणि बदललेल्या औषधामुळे जखमेत संसर्गाचे प्रमाण वाढते असेही दिसून आले आहे. गर्भवतीला सिफिलिस असेल तर पेनिसिलीनला पर्यायच नाही.

पेनिसिलीन चालत नाही म्हटले की सेफालोस्पोरिन हे त्याचे नातलग अँटिबायोटिकही नको, हा त्याचाच दुसरा धागा. सेफिक्झिम, सेफ्युरॉक्झिम, सेफ्ट्रियाक्झोन ही सगळी सेफालोस्पोरिनची मंडळी. पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी असणाऱ्या १० टक्के लोकांना ती चालत नाहीत, असे पूर्वी शिकवले जात असे. हा आकडा आता फार फुगलेला मानला जातो आणि प्रत्यक्षात तो २ टक्क्यांच्या आसपास धरला जातो. सुरुवातीच्या काळातल्या सेफालोस्पोरिनमध्ये पेनिसिलीनचा अंश मिसळलेला असे, हे त्या फुगवट्याचे एक कारण. शिवाय दोन्हींत समान असलेल्या बीटा-लॅक्टम कड्यापेक्षा त्याला जोडलेली बाजूची साखळी कशी आहे यावर बरेच काही अवलंबून असते. अ‍ॅमॉक्सिसिलीनची बाजूची साखळी सेफॅलेक्सिन आणि सेफाड्रॉक्सिल यांच्याशी जवळजवळ जुळते. म्हणून अ‍ॅमॉक्सिसिलीनने ज्याचा घसा सुजला होता त्याच्या हातात सेफाड्रॉक्सिल पडले, तर मी डॉक्टरांना फोन केल्याशिवाय ते देत नाही. सेफॅझोलिनची साखळी मात्र कोणाशीच जुळत नाही. हे लक्षात घेता ‘सेफ’ने सुरू होणारी सगळी नावे एका ओळीत खोडून टाकण्यात अर्थ नाही, आणि सगळी एका ओळीत मान्य करण्यातही नाही.

सल्फाचा गोंधळ याहून गमतीदार आहे. सेप्ट्रानच्या, म्हणजे को-ट्रायमॉक्सॅझोलच्या, गोळीत सल्फामेथॉक्सॅझोल असते आणि त्याची अ‍ॅलर्जी खरी, प्रसंगी गंभीर असते. पण मधुमेहातले ग्लिमेपिराइड किंवा सूज उतरवणारे फ्युरोसेमाइड यांतही रसायनशास्त्राच्या दृष्टीने सल्फा गट असला, तरी तो वेगळ्या रचनेत बसलेला असतो आणि एकाची अ‍ॅलर्जी म्हणजे दुसऱ्याचीही, असे आढळलेले नाही. एका वहिनींनी सासूबाईंची, म्हणजे त्यांच्या आत्यांची, रक्तवाढीची गोळी माझ्यासमोर परत ठेवली होती, कारण पाकिटावर फेरस सल्फेट असे छापलेले होते आणि आत्यांना सल्फा चालत नाही असे घरात सगळ्यांना तोंडपाठ होते. सल्फेट म्हणजे साधा क्षार, गंधक म्हणजे मूलद्रव्य, आणि सल्फा म्हणजे औषधांचे एक कुळ. तिघांचा नावापुरता संबंध. आत्यांना लोह चालते, हे डॉक्टरांनी फोनवरून सांगितल्यावरच ती गोळी घरी गेली.

‘टेस्ट घेतली का?’ हा आपल्याकडचा आणखी एक खास प्रश्न. सेफ्ट्रियाक्झोन किंवा पेनिसिलीनचे इंजेक्शन देण्याआधी औषधाचा पातळ केलेला थेंब हाताच्या कातडीत टोचून वाट पाहायची, फुगवटा आला नाही तर पुढचे इंजेक्शन द्यायचे, ही पद्धत भारतभर आहे. ज्यांना पूर्वी कधीच त्रास झालेला नाही अशा माणसांची अशी सरसकट चाचणी घ्यायला पाश्चात्त्य देशांतल्या मार्गदर्शक सूचना सांगत नाहीत, कारण केवळ टोचल्याने आलेली लाली अ‍ॅलर्जी समजली जाते आणि टेस्टमध्ये पास झालेल्याला पुढे प्रतिक्रिया येणारच नाही याचीही खात्री देता येत नाही. दवाखान्याचा नियम असेल तर हरकत घेऊ नये. पण डॉक्टरांनी पूर्वीचा इतिहास विचारणे आणि अ‍ॅड्रिनॅलिन हाताशी असणे, ही खरी सुरक्षितता आहे, आणि त्या थेंबाने त्या दोन्हींची जागा घेऊ नये.

या भीतीची सर्वांत मोठी किंमत संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडलेली मुले मोजतात. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूच्या संसर्गातून हा ताप येतो, आणि तो पुन्हा येऊन झडपा आणखी खराब होऊ नयेत म्हणून बेंझाथिन पेनिसिलीनचे, म्हणजे पेनिड्युअरसारखे, इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी वर्षानुवर्षे घ्यावे लागते. कागल, राधानगरी, गगनबावड्याकडच्या वाड्या-वस्त्यांवरून येणाऱ्या अशा मुलाला ‘आम्ही पेनिसिलीन टोचत नाही, रिअ‍ॅक्शन आली तर कोण बघणार’ असे सांगून परत पाठवणारे दवाखाने आहेत, आणि डोस चुकत जातात. या इंजेक्शनने गंभीर अ‍ॅलर्जी क्वचितच होते. ज्यांच्या झडपा फारच बिघडलेल्या आहेत अशांना इंजेक्शननंतर एकाएकी काही झाले, तर ते अ‍ॅलर्जीपेक्षा दुबळ्या हृदयावर आलेल्या ताणाने झालेले असू शकते, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये नमूद केले. अशा रुग्णांसाठी तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचा विचार करावा, असेही त्यांनी सुचवले. हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांनी घ्यायचा असतो, टोचणाऱ्याने घाबरून घ्यायचा नसतो.

आतापर्यंतच्या परदेशी आकड्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे औषधाचे नाव माहीत आहे. आपल्याकडे नेमके तेच नसते. अनेक दवाखान्यांत गोळ्या पत्त्यातून (स्ट्रिपमधून) कापून, तीन-तीन वेळच्या पुड्या बांधून दिल्या जातात. एक पांढरी, एक पिवळी, अर्धी गुलाबी. इंजेक्शनची बाटली कोणी पाहिलेली नसते. रात्री अंगावर गांधी उठल्या की दुसऱ्या दिवशी माणूस दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो आणि सांगतो की ‘पुडीतल्या गोळीनं झालं’. त्या पुडीत अँटिबायोटिकबरोबर डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळीही असते, आणि गांधी उठवण्यात वेदनाशामके अँटिबायोटिक्सपेक्षा मागे नाहीत. दोष कोणाचा हे कधीच ठरत नाही. नाव मात्र पेनिसिलीनचे होते, कारण तेवढेच एक नाव सर्वांना ठाऊक असते. पुडी देणाऱ्या डॉक्टरांकडून औषधांची नावे कागदावर लिहून मागणे हा रुग्णाचा हक्क आहे, आणि ते मागताना संकोच वाटत असेल तर ‘अंगावर काही उठले तर सांगता यावे म्हणून’ एवढे म्हटले तरी पुरते. दुकानातून घेतलेल्या औषधाचे बिल टाकून देऊ नये. पत्ता संपण्याआधी त्याच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवणे तर फुकटात होते. गोळ्या नाव छापलेल्या बाजूनेच फोडत जाण्याची आपली सवय मात्र त्या कामी येत नाही.

कोल्हापूर हा दुधाचा जिल्हा, म्हणून एक जाता जाता. म्हशीच्या कासेला सूज आली की तिलाही पेनिसिलीन किंवा सेफालोस्पोरिन टोचले जाते आणि त्याचा अंश दुधात उतरतो. औषधाच्या वेष्टनावर किती दिवस दूध विकू नये ते छापलेले असते, आणि तसे छापलेले नसेल तर आपल्याकडच्या नियमाप्रमाणे किमान ७ दिवस थांबायचे असते. ज्याला पेनिसिलीनची कडक अ‍ॅलर्जी आहे त्याला अशा दुधातल्या अंशानेही त्रास झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात आहेत, जरी ती दुर्मीळ असली तरी. गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊ नका असे मी म्हणणार नाही. म्हैस पाळणाऱ्यांनी ते दिवस पाळावेत, एवढेच म्हणेन.

ज्यांच्या कागदावर शेरा आहे त्यांनी काय करावे? तो स्वतः खोडू नये आणि घरी गोळी खाऊन खात्रीही करू नये. डॉक्टर ज्या प्रश्नांच्या आधारे धोका मोजतात त्यांत तीन प्रमुख आहेत: प्रतिक्रिया गेल्या पाच वर्षांतली आहे का, तेव्हा अ‍ॅनाफिलॅक्सिस, चेहऱ्याची सूज किंवा कातडी सोलवटणारा गंभीर आजार झाला होता का, आणि त्यासाठी उपचार घ्यावे लागले होते का. तिन्हींचे उत्तर नाही असे असेल, तर अ‍ॅलर्जी सिद्ध होण्याची शक्यता १ टक्क्याहूनही कमी असते, आणि अशा माणसाला रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली अ‍ॅमॉक्सिसिलीनची गोळी देऊन तासभर किंवा अधिक वेळ निरीक्षण करणे पुरेसे ठरते. धोका अधिक वाटला तर आधी त्वचेची रीतसर चाचणी करतात. ती तत्काळच्या अ‍ॅलर्जीसाठी असते, उशिराच्या पुरळाबद्दल ती फारसे सांगत नाही. अ‍ॅलर्जी खरी निघाली आणि तरीही तेच औषध देणे भाग असले, तर अतिसूक्ष्म मात्रेपासून सुरुवात करून काही तासांत पूर्ण मात्रेपर्यंत शरीराला वळवता येते. हा वळसा तात्पुरता असतो. औषध बंद केल्यावर तो संपतो आणि पुढच्या वेळी सगळे पहिल्यापासून करावे लागते.

माझ्या गिऱ्हाइकांना मी एक छोटा कागद लिहून देते आणि तो आधार कार्डाच्या मागे ठेवायला सांगते. त्यावर औषधाचे मूळ नाव असते, कंपनीचे नाव पुरत नाही, कारण तेच औषध पन्नास नावांनी विकले जाते. मग साल, गोळी की इंजेक्शन, पहिल्या मात्रेनंतर किती वेळाने काय झाले, कोणते उपचार लागले, आणि त्यानंतर त्याच कुळातले कोणते औषध सुखरूप घेतले. ही शेवटची ओळ लोक विसरतात. ‘पेनिसिलीन चालत नाही’ म्हणणाऱ्या एका काकांच्या जुन्या बिलांत आम्हाला अ‍ॅमॉक्सिसिलीनची दोन बिले सापडली. दोन्ही वेळा त्यांनी ते काही न होता पूर्ण घेतले होते, फक्त त्या कॅप्सूलला पेनिसिलीन म्हणतात हे त्यांना ठाऊक नव्हते. बिले घेऊन ते डॉक्टरांकडे गेले आणि शेरा निघाला.

नाव अजिबातच आठवत नसेल तर दुकानाकडे विचारणा करायला हरकत नाही. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी जी अँटिबायोटिक्स शेड्यूल एच-१ या सरकारी यादीत येतात, त्यांच्या विक्रीची नोंद डॉक्टरांच्या आणि रुग्णाच्या नावासह वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे जपणे आम्हा औषध विक्रेत्यांवर बंधनकारक आहे. आणि प्रतिक्रिया नुकतीच आली असेल, तर ती डॉक्टरांमार्फत किंवा स्वतःहूनही सरकारच्या औषध-दक्षता कार्यक्रमाला कळवता येते; त्यांचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ असा आहे, आणि फोन करताना औषधाचे वेष्टन समोर ठेवावे, कारण त्यावरचा बॅच क्रमांक ते विचारतात.